जुन्या गाडीत टचस्क्रीन स्टिरिओ : सात इंची की नऊ इंची, आणि बडोद्यात फिटिंग नीट कशी करून घ्यावी?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ सालची ग्रँड आय-टेन आहे. गाडीची तब्येत उत्तम आहे आणि इतक्यात ती बदलण्याचा विचार नाही; मात्र तिच्यातल्या कंपनीच्या स्टिरिओला पडदा नाही, आणि एसीच्या जाळीला मोबाइल अडकवून नकाशा पाहत गाडी चालवणे मला आता धोक्याचे वाटू लागले आहे. गाडी मी आणि माझी पत्नी दोघेही चालवतो. माझा फोन अँड्रॉइडचा आहे, तिचा आयफोन आहे. रोजचा वापर शहरातला असला तरी नाशिकला आईवडिलांकडे वरचेवर जाणे होते आणि तेव्हा सापुताऱ्याचा घाट लागतो.

दोन दुकानांत चौकशी केली. पहिल्याने नामांकित कंपनीचा सात इंची स्टिरिओ दाखवला, ज्यात तारेने जोडायचे अँड्रॉइड ऑटो आणि आयफोनसाठीचे कारप्ले आहे. त्याची किंमत १६,५०० रुपये आणि फ्रेम, फिटिंग वेगळे. दुसऱ्याने नऊ इंची ‘अँड्रॉइड’ स्टिरिओ, फ्रेम, मागचा कॅमेरा आणि फिटिंग असे सगळे मिळून ११,००० रुपये सांगितले. मोठा पडदा, शिवाय कॅमेरा आणि तरीही स्वस्त, हे कोडे मला उलगडत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. या दोहोंपैकी काय घ्यावे? फिटिंग करताना कंपनीच्या तारा कापल्या तर खरोखर काही बिघडते का? आणि स्टिअरिंगवरची आवाजाची बटणे पुढेही चालतील का?

कोडकरी

आपल्या कोड्याचे उत्तर असे आहे की ही दोन वेगळ्या जातीची उपकरणे आहेत. सात इंची स्टिरिओवरचे अँड्रॉइड ऑटो म्हणजे आपल्याच फोनचा आरसा. नकाशा, गाणी, कॉल हे सगळे फोन चालवतो आणि स्टिरिओ फक्त दाखवतो व ऐकवतो. त्यामुळे पाच वर्षांनी आपण नवा फोन घेतला की गाडीतला पडदाही आपोआप वेगवान होतो. नऊ इंची स्टिरिओ मात्र स्वतःच एक टॅब्लेट असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, रॅम आणि जीपीएस अँटेना असतो, इंटरनेट मात्र फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते. ज्या दिवशी तो विकत घेतला त्याच दिवसाच्या वेगाला तो कायमचा बांधलेला असतो, कारण अशा स्वस्त उपकरणांना पुढचे अपडेट क्वचितच मिळतात.

दुकानात एक गोष्ट अवश्य तपासा. सेटिंगमध्ये लिहिलेली अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅमचा आकडा यांवर विश्वास ठेवू नका, कारण तो मजकूर बनवणाऱ्याला हवा तसा लिहिता येतो. हार्डवेअरची माहिती देणारे एखादे ॲप त्यावर उतरवून घ्या आणि मग खरे आकडे पाहा. दुकानदाराने तसे करू दिले नाही तर ते दुकान सोडून द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

अकोटावासी

मी तारेने जोडायचा सात इंची स्टिरिओ बराच काळ वापरत आहे आणि कामानिमित्त सुरतेपर्यंत वरचेवर जाते. पडद्याच्या आकाराचा विचार नंतर करा. आधी त्या उपकरणाला आवाजाचे फिरते बटण, निदान दाबायची खरी बटणे तरी आहेत का, हे पाहा. महामार्गावर शेजारून ट्रक जात असताना पडद्यावरची सपाट खूण शोधत आवाज कमी करणे आणि न पाहता गोल बटण फिरवणे यांत सुरक्षिततेचा मोठा फरक आहे.

दुसरे म्हणजे आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि पडदा त्याच्या डावीकडे, थोडा खाली असतो. स्वस्त पडद्यांत समोरून रंग छान दिसतात आणि तिरके पाहिले की सगळे फिकट किंवा काळपट होते. आयपीएस जातीच्या पडद्यात हा त्रास जवळजवळ नसतो. दुकानातल्या सावलीत कोणताही पडदा चांगलाच दिसतो, म्हणून शक्य असेल तर ज्या गाडीत तोच नमुना बसवला आहे ती गाडी दुपारच्या उन्हात उभी करून, चालकाच्या जागेवर बसून पाहा. आपण पोलरॉइड गॉगल वापरत असाल तर तो घालूनही पाहा, कारण काही पडदे अशा काचेतून जवळजवळ काळे दिसतात.

विजेरी

मांजलपूरकर, आपला दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडीच्या विजेच्या कामात माझे आयुष्य गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तारा कापायच्या नाहीत. आपल्या गाडीच्या नमुन्याला बसणारा कप्लर बाजारात मिळतो, ज्याचे एक टोक कंपनीच्या सॉकेटात आणि दुसरे नव्या स्टिरिओत जाते. तो स्टिरिओच्या किमतीपुढे नगण्य असतो. तरीही पुष्कळ ठिकाणी सॉकेट कापून, तारा पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळतात, कारण त्यात कप्लर शोधायचा वेळ वाचतो. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे त्याहून कितीतरी अधिक तापते. त्या उष्णतेत साध्या चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, पट्टी सरकते आणि उघडा जोड शेजारच्या लोखंडाला लागतो. मग फ्यूज उडाला तर नशीब समजायचे.

आता रंगांविषयी. नव्या स्टिरिओबरोबर येणाऱ्या तारांचे रंग बहुतेक कंपन्यांत एकसारखे असतात. पिवळी तार बॅटरीचा कायमचा प्रवाह, लाल तार किल्ली फिरवल्यावर येणारा प्रवाह आणि काळी तार अर्थिंग. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा आणि जांभळी मागचा उजवा. यांतली काळी रेघ असलेली तार ऋण असते. निळी तार अँटेनाच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या चालू-बंदसाठी असते. परंतु गाडीच्या कंपनीने स्वतःच्या तारांना दिलेले रंग या पद्धतीचे नसतात. म्हणून ‘लालला लाल जोडली’ असे म्हणणाऱ्या फिटरला थांबवा आणि मल्टिमीटर काढायला सांगा. किल्ली काढल्यावरही ज्या तारेत बारा व्होल्ट दाखवतो ती पिवळीची जोडीदार. किल्ली काढताच ज्यातला दाब शून्य होतो ती लालची जोडीदार.

या दोन तारांची अदलाबदल झाली किंवा दोन्ही किल्लीच्या प्रवाहाला जोडल्या गेल्या, तर गाडी बंद केली की स्टिरिओ सगळे विसरतो. घड्याळ, स्टेशने, ब्लूटूथची जोडणी पुन्हा करावी लागते. दोन्ही कायमच्या प्रवाहाला जोडल्या तर स्टिरिओ कधीच पूर्ण बंद होत नाही आणि बॅटरी उतरते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडलेले असावे. डॅशबोर्डची पॅनेले प्लास्टिकच्या पट्टीने उचकटावीत, पेचकसाने नव्हे. इतक्या वर्षांच्या उन्हाने क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, आणि एक क्लिप तुटली तरी पुढे खडखड कायमची मागे लागते.

सुरेल

विजेरी काकांनी स्पीकरच्या तारांचा उल्लेख केला, म्हणून आवाजाविषयी लिहितो. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. तो क्षणिक कमाल आकडा आहे. हिशेब करून पाहा. अशा स्टिरिओच्या मागे बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात, म्हणजे १० अँपिअरच्या फ्यूजमधून जास्तीत जास्त १४४ वॅट आत येतात. त्यांतलाही मोठा भाग पडद्यात आणि उष्णतेत जातो. मग बाहेर सलग २०० वॅट येतील कुठून? माहितीपत्रकात आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा आकडा शोधा. तो प्रत्येक स्पीकरमागे साधारण १५ ते २२ वॅटच्या दरम्यान असतो आणि एवढ्या छोट्या गाडीला तो पुरतो.

ज्या माहितीपत्रकात आरएमएसचा आकडाच नाही, त्याच्याकडे मी वळूनही पाहणार नाही. पुढे कधी ॲम्प्लिफायर जोडायची इच्छा असेल तर प्रीआउटचा, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या जोडणीचा दाब पाहा. दोन व्होल्टपेक्षा चार व्होल्टचा प्रीआउट चांगला, कारण मोठ्या सिग्नलपुढे गाडीतली खरखर दबून जाते.

ऐकून पारखायचे असेल तर आपल्या ओळखीचा आवाज घेऊन जा. मी तंबोरा आणि तबला स्वच्छ मुद्रित झालेली अलीकडची एखादी ख्यालाची फाइल पेनड्राइव्हवर नेतो. उस्ताद फैयाज खाँ हे आपल्या बडोदा दरबारचे गायक, आणि त्यांच्या जुन्या तबकड्या मला प्राणप्रिय आहेत. पण ते मुद्रण एका वाहिनीचे असल्याने डावे-उजवे किंवा खर्जाची खोली त्यावरून कळत नाही. तबल्यावर डग्ग्याचा घुमार ऐका. तो नुसता ‘धप्’ असा येत असेल तर दोष बहुधा दारातल्या कंपनीच्या स्पीकरचा असतो, स्टिरिओचा नव्हे. अशा वेळी पडद्यावर पाच हजार जास्त घालण्यापेक्षा पुढचे दोन स्पीकर बदलावेत आणि दाराच्या पत्र्याला आतून कंपने शोषणारे डॅम्पिंग शीट लावून घ्यावे.

राजवाडा_इंदूर

इंदूरहून लिहितो आहे. वरच्या चर्चेत नऊ इंची स्टिरिओंवर थोडा अन्याय होत आहे असे मला वाटते. माझ्या वडिलांचे वय पाहता त्यांना सात इंचांवरचा नकाशा वाचता येत नव्हता. नऊ इंचांवर ते रस्त्यांची नावे सहज वाचतात आणि मागच्या कॅमेऱ्याचे चित्र मोठे दिसल्यामुळे आमच्या अरुंद गल्लीत गाडी निर्धास्तपणे मागे घेतात. आमच्या स्टिरिओत अँड्रॉइड स्वतःचे आहेच, शिवाय वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेही आहे. म्हणजे आत टॅब्लेट असला तरी आम्ही तो आरशासारखाच वापरतो आणि स्टिरिओच्या संथ प्रोसेसरचा त्रास फारसा जाणवत नाही.

अडचण आली ती वेगळीच. झटपट सुरू व्हावा म्हणून हा स्टिरिओ गाडी बंद केल्यावर पूर्ण न थांबता झोपेत जातो, आणि त्या झोपेतही तो विजेचा घास घेत राहतो. गाडी काही दिवस जागीच उभी राहिली आणि सेल्फ लागेना. सेटिंगमध्ये झोपेची मुदत कमी करून, त्यानंतर पूर्ण बंद होण्याचा पर्याय निवडल्यावर हा प्रश्न सुटला.

विजेरी

इंदूरकरांनी फार उपयुक्त मुद्दा काढला. याची मोजणी कोणीही चांगला इलेक्ट्रिशियन करून देईल. बॅटरीच्या ऋण टोकाशी अँपिअर मोजणारा मीटर मालिकेत लावायचा, दारे बंद करायची, आणि गाडीतली सगळी यंत्रे निजेपर्यंत अर्धा तास वाट पाहायची. उरलेला प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. तोच २५० निघाला तर चोवीस तासांत ६ अँपिअर-अवर खर्च होतात. आपल्या पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे तीन दिवसांत तिची निम्मी शक्ती संपली आणि जुनी बॅटरी असेल तर स्टार्टर फिरणार नाही. दिवाळीत गाडी बडोद्यात ठेवून रेल्वेने गावी जाणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

काळाघोडा

वायरलेस अँड्रॉइड ऑटो असेल तर तारेची कटकटच राहत नाही. मग मांजलपूरकरांनी तारेचा स्टिरिओ का घ्यावा, हे मला समजले नाही.

कोडकरी

वायरलेसमध्ये पहिली ओळख ब्लूटूथवर होते आणि नंतरचा सारा व्यवहार ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो. त्यासाठी फोन सर्वसाधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा लागतो. नकाशा, गाणी आणि वायफाय एकाच वेळी चालल्यामुळे फोन तापतो, आणि तो वायरलेस चार्जरवर ठेवला तर उन्हाळ्यात चार्जिंग मध्येच थांबते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांना वायरलेस सोयीचे आहे. नाशिकच्या प्रवासाला मी तारच लावीन. मात्र तार आखूड आणि डेटा नेणारी हवी. गूगलची शिफारस एक मीटरपेक्षा कमी लांबीच्या तारेची आहे. मध्येच जोडणी तुटण्याच्या बहुतेक तक्रारी स्टिरिओच्या नसून नुसत्या चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त तारेच्या असतात.

मांजलपूरकर, सापुताऱ्याच्या घाटात नेटवर्क जाते. निघण्यापूर्वी फोनमध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा, म्हणजे कोणताही स्टिरिओ असला तरी वाट चुकणार नाही.

सूरसागर

पैसे वाचवण्यासाठी मोडीत निघालेल्या गाडीतला कंपनीचा टचस्क्रीन घ्यावा असा सल्ला मला एकाने दिला होता, म्हणून बडोदेकरांना मुद्दाम सावध करतो. २०१९च्या जुलैअखेरच्या पावसात आणि पुन्हा २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचे पाणी कुठवर आले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तळघरांत आणि सोसायट्यांच्या आवारात असंख्य गाड्या डॅशबोर्डपर्यंत बुडाल्या. त्या गाड्यांचे सुटे भाग पुसून, चकाकवून बाजारात येतात.

बुडालेला स्टिरिओ आठवडाभर चालतोही. पण आतल्या बारीक जोडांवर गंज चढत राहतो आणि मग एक एक गोष्ट बंद पडत जाते. आधी स्पर्श, मग एका बाजूचा आवाज, मग सारेच. घ्यायचाच असेल तर मागच्या सॉकेटात टॉर्चने पाहा. पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड, स्क्रूंच्या खाचांत बारीक गाळ, कागदी लेबलाच्या कडा फुगलेल्या, आणि जाळीजवळ नाक नेल्यावर ओल्या मातीचा वास, यांतले काहीही आढळले तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. शिवाय कंपनीच्या पुष्कळ स्टिरिओंना चोरीविरोधी कोड असतो, आणि तो मूळ मालकाकडून किंवा कंपनीकडूनच मिळवावा लागतो.

गोत्रीकर

सूरसागर, आपली सूचना मोलाची आहे. पुराच्या निमित्ताने विम्याविषयी एक गोष्ट जोडतो. गाडीबरोबर कंपनीकडून न आलेले विजेचे उपकरण विम्यात आपोआप धरले जात नाही. पॉलिसी घेताना त्याची किंमत वेगळी नोंदवून थोडा अधिक हप्ता भरावा लागतो, तरच चोरी किंवा पुराचा दावा करता येतो. बिल पक्के घ्या. त्यावर नमुन्याचा क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्या.

मांजलपूरकरांच्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपली असेल, परंतु हा धागा वाचणाऱ्या नव्या गाडीच्या मालकांनी हे लक्षात ठेवावे की तार कापलेली आढळली तर विजेच्या बिघाडाचा दावा कंपनी नाकारू शकते. कप्लर वापरलेला असेल तर जुना स्टिरिओ परत लावून गाडी पूर्ववत करता येते. म्हणूनच काढलेला स्टिरिओ दुकानात सोडून येऊ नये.

मांजलपूरकर

इतक्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. तारा कापू द्यायच्या नाहीत, एवढे पक्के ठरले. दोन शंका उरल्या आहेत. स्टिअरिंगच्या बटणांविषयी दोन्ही दुकानदारांनी परस्परविरुद्ध सांगितले. एक म्हणतो ती आपोआप चालतील, दुसरा म्हणतो त्यासाठी वेगळा डबा लागेल. आणि सात इंची स्टिरिओ घेतल्यास डॅशबोर्डवर भोक रिकामे दिसेल का?

विजेरी

दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात; ते गाडीवर अवलंबून आहे. जुन्या आणि साध्या गाड्यांत स्टिअरिंगचे प्रत्येक बटण वेगळा विद्युतरोध दाखवते. ती एक-दोन तारांची गोष्ट असते. त्या तारा स्टिरिओच्या ‘की’ लिहिलेल्या तारांना जोडायच्या, मग सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून स्टिरिओला शिकवायचे. नव्या गाड्यांत बटणांचा निरोप कॅन बसवरून जातो, म्हणजे अनेक यंत्रांचे संदेश एकाच तारांच्या जोडीवरून सांकेतिक रूपात धावतात. तेथे ती भाषा उलगडणारा डीकोडर डबा लागतो. आपल्या गाडीत काय आहे ते मीटर लावून दोन मिनिटांत कळते. बटण दाबल्यावर तारेतला रोध ठरावीक आकड्यांनी बदलत असेल तर डबा लागणार नाही. पैसे देण्याआधी सगळी बटणे चालवून घ्या, कारण पॅनेल बसल्यावर कोणताही फिटर ते पुन्हा उघडायला नाखूश असतो.

भोकाचे म्हणाल तर डबल डिनचे, म्हणजे स्टिरिओच्या मोठ्या प्रमाणित खाचेचे माप ठरलेले आहे, १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच. सात इंची स्टिरिओ याच मापात बसतो. आपल्या गाडीतला मूळ स्टिरिओ डॅशबोर्डच्या वळणाला जुळवून घडवलेला असल्यामुळे कडेची पोकळी झाकायला फ्रेम लागेलच, मग पडदा सात इंची असो वा नऊ. फ्रेम आधी आणवून घ्या आणि गाडीशेजारी धरून पाहा. रंगाची छटा आणि पृष्ठभागाचा खरबरीतपणा जुळला नाही तर ते रोज डोळ्यांना खुपेल. नऊ इंची पडद्याच्या बाबतीत आणखी एक पाहा : तो एसीच्या झडपा किंवा धोक्याच्या दिव्याचे लाल बटण झाकत नाही ना.

सुरेल

विजेरी काका, तारांचे जोड डाग देऊन (सोल्डर करून) करावेत की दाबून? मी नेहमी डागच देत आलो आहे.

विजेरी

गाडीत मी चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबलेला जोड पसंत करतो. डाग दिलेली तार डागाच्या काठाशी कडक होते आणि रस्त्याच्या कंपनांनी नेमकी तेथेच तुटते. डाग द्यायचाच असेल तर त्यावर उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक नळी चढवावी आणि तार दोन्ही बाजूंना बांधून ठेवावी, म्हणजे ती हलणार नाही. वर कापडी टेप गुंडाळावी; ती उष्णतेत टिकते आणि तारा प्लास्टिकवर आपटून होणारा आवाजही थांबवते.

काळाघोडा

माझ्या फिटरने हँडब्रेकची तार अर्थिंगला जोडून दिली आणि त्यामुळे गाडी चालत असतानाही पडद्यावर सिनेमा दिसतो. मुले मागे शांत बसतात. यात काही चूक आहे का?

अकोटावासी

होय, आहे, आणि मी हे अगदी कळकळीने लिहिते. हँडब्रेक ओढलेला असेल तेव्हाच चित्रफीत दिसावी म्हणून ती तार दिलेली असते. हलते चित्र डोळ्याच्या कोपऱ्यात असले तरी मान आपोआप वळते. हे मनोनिग्रहाने टळत नाही. १ ऑक्टोबर २०२०पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही चालकाला हातातला फोन केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा दिली आहे. मुलांसाठी मागच्या सीटवर टॅब्लेट द्यावा आणि ती तार तिच्या जागी परत लावून घ्यावी.

राजवाडा_इंदूर

अकोटावासी ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडेही फिटरने न विचारता तेच केले होते आणि आम्ही ते परत काढून घेतले.

कॅमेऱ्याविषयी एक सूचना करतो. कॅमेऱ्याची तार डिकीच्या झाकणातून गाडीत येताना जी रबरी नळी असते, तिच्यातूनच यायला हवी. आमच्याकडे ती नळी टाळून तार फटीतून आणली होती. झाकण उघडमीट होऊन ती चिरडली आणि पावसाळ्यात चित्र लहरायला लागले. कॅमेरा एएचडी (अधिक स्पष्ट चित्राचा) असेल आणि स्टिरिओच्या सेटिंगमध्ये साधा सिग्नल निवडलेला असेल तर पडदा काळाच राहतो. अशा वेळी कॅमेरा खराब आहे असे सांगून दुसरा विकण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा आधी ते सेटिंग बदलून पाहावे.

मांजलपूरकर

काम झाले. सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे.

शेवटी सात इंचीच घेतला, पण पहिल्या दुकानातला नव्हे. आवाजाची खरी बटणे, आयपीएस पडदा, आणि माहितीपत्रकात आरएमएसचा आकडा असलेला दुसरा नमुना कारेलीबागेकडच्या एका छोट्या दुकानात मिळाला. तेथल्या मुलाने मी सांगण्याआधीच कप्लर आणि मीटर काढून ठेवले होते, आणि तेवढ्यावरच माझा निर्णय झाला. नऊ इंचीचा मोह होता. मात्र दोघांचेही फोन चांगले असताना गाडीत तिसरा संथ टॅब्लेट कशासाठी, हा कोडकरींचा मुद्दा पटला. वडील मंडळी गाडी चालवत असती तर मी इंदूरकरांचेच ऐकले असते.

स्टिअरिंगची तार मीटरवर तपासली. रोध बटणागणिक बदलत होता, त्यामुळे डबा लागला नाही; आवाज, गाणे पुढे-मागे आणि म्यूट ही बटणे लगेच शिकवून झाली. पिवळी आणि लाल माझ्यासमोर तपासली. गाडी बंद असतानाचा प्रवाह मर्यादेच्या आत आला. कॅमेरा वेगळा घेतला आणि तार रबरी नळीतूनच ओवून घेतली. वाचलेल्या पैशांत पुढचे दोन स्पीकर बदलले आहेत. डॅम्पिंगचे काम पुढच्या महिन्यात करून घेईन. सुरेल यांनी सांगितलेला डग्ग्याचा घुमार आता दारातून स्पष्ट ऐकू येतो.

एकच तक्रार उरली आहे. एफएम पूर्वीपेक्षा कमजोर झाले आहे, आणि पत्नी म्हणते की फोनवर तिचा आवाज पलीकडे विहिरीतून आल्यासारखा जातो.

विजेरी

एफएमचे कारण बहुधा निळी तार. गाडीच्या अँटेनात छोटा वर्धक असेल तर त्याला त्या तारेतून वीज मिळते. ती मोकळी सोडली असेल तर स्टेशने अशीच क्षीण लागतात. अँटेनाचा अडॅप्टर पूर्ण आत बसला आहे का, तेही पाहून घ्या.

आवाजाबद्दल विचारतो, मायक्रोफोन कुठे लावला आहे? फिटर तो स्टिरिओच्या खाली किंवा एसीच्या जाळीशेजारी चिकटवतात आणि मग वाऱ्याचा घोंगावच पलीकडे जातो. तो स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या आवरणावर, किंवा काचेच्या वरच्या कडेला सन व्हायझरजवळ, तोंड चालकाकडे करून लावावा. काचेच्या बाजूच्या खांबातून तार नेताना मात्र काळजी घ्या. ज्या गाड्यांत तेथे खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग असते, त्यांत तार तिच्या पुढून न नेता मागून न्यावी, नाहीतर एअरबॅग उघडताना अडथळा होतो.

मांजलपूरकर

मायक्रोफोन एसीच्या जाळीशेजारीच निघाला. तो व्हायझरजवळ हलवला आणि आवाज स्वच्छ जाऊ लागला. निळी तार खरोखरच टेप लावून मोकळी सोडलेली होती. दुकानातल्या मुलाने काहीही जास्तीचे न घेता ती जोडून दिली, आणि आता आकाशवाणी पूर्वीसारखी लागते.

गोत्रीकर

त्या मुलाकडे माझ्याही गाडीचे काम द्यावे म्हणतो. दुकानाचा पत्ता कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावा.